तीनशे अठरा नंबरचा अर्ज

राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारून जिना वर जातो, तिथं अमरसिंहांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कंपनी म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलंय म्हणून. माणसं पाच, खुर्च्या सहा, आणि सहाव्या खुर्चीवर वर्षभर कुणी टिकत नाही. पोरं इथं येतात, हात बसला की पुण्याला जातात आणि दिवाळीला भेटायला येऊन तिकडच्या कॅन्टीनचं कौतुक सांगतात. न गेलेलं माणूस एकच, संयोगिता चौगुले. माहेर कोडोलीचं, लग्न होऊन कोल्हापुरात आली, आणि अठरा वर्षं झाली, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसते.

तिच्या वाट्याला जुन्या साइटी. दहा-बारा वर्षांपूर्वीचे ऑनलाइन फॉर्म, ज्यांना नवी पोरं हात लावायला तयार नसतात. कुठलं बटण चालेनासं झालं की अमरसिंह केबिनमधून नुसतं ‘संयोगिताताई’ म्हणतात, आणि ती चष्मा सारखा करून कामाला लागते. आपल्याशिवाय हे कुणाला जमत नाही याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला सांगा. माणसाला कशाचा तरी असावाच लागतो.

या कामातली मेख अशी की पलीकडचा सर्व्हर मुलखाचा विसरभोळा असतो. तुम्ही पहिल्या पानावर नाव भरलंत आणि ‘पुढे’ दाबलंत, की तो ते वाचतो, दुसरं पान पाठवतो आणि तुम्हाला साफ विसरून जातो. दुसऱ्या पानावर मार्क भरून पाठवलेत, तर आपण कोण म्हणून पुन्हा कोरा चेहरा. संयोगितासारख्या माणसांचं निम्मं आयुष्य त्याला आठवण करून देण्यात जातं. त्याच्या रीती दोन. एक, आतापर्यंत भरलेल्या सगळ्याचं गाठोडं बांधून त्या पानाच्याच पाठीवर द्यायचं, म्हणजे पान दर फेरीला आपलं सामान आपण घेऊन येतं. दुसरी, सामान सर्व्हरकडेच ठेवून माणसाला फक्त बिल्ला द्यायचा, देवळाबाहेर चपला ठेवल्यावर देतात तसा.

शहरातल्या एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे. खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी चाळीस जागा. त्याचा प्रवेश अर्ज संयोगितानंच बांधलेला, आधी गाठोड्याच्या रीतीनं. पण गाठोडं जड. खेड्यातल्या नेटवर पान हलेना. लोक पुढे दाबून चहा पिऊन येत, तरी चक्र फिरतच. तक्रारी इतक्या आल्या की ट्रस्टचे सचिव गणपतराव स्वतः जिना चढून वर आले. मग तिनं पंधरा दिवस मान मोडून अर्ज बिल्ल्याच्या रीतीवर आणला. पान आणखी हलकं व्हावं म्हणून शेवटी भरलेलं सगळं एकदा दाखवणारं पान होतं, तेही काढून टाकलं, आणि पावतीवर ठेवलं काय, तर नंबर आणि तारीख. अर्ज वाऱ्यासारखा पळायला लागला. गणपतरावांनी फोन करून शाबासकी दिली, आणि तो माणूस शाबासकीच्या बाबतीत फार हात राखून असतो.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नाही. बिल्ला मिळतो तो पानाला नव्हे, कॉम्प्युटरवरच्या त्या ब्राउझरला. एकाच ब्राउझरमध्ये दोन खिडक्या उघडून दोन अर्ज भरले, तर दोघांचा बिल्ला एकच. तिनं आपलं गृहीत धरलं होतं की एक मुलगी येईल, कॉम्प्युटरपुढं बसेल, स्वतःचा अर्ज भरेल आणि उठेल. हे तिनं कुठं पाहिलं होतं कोण जाणे. कोडोलीत तरी नक्कीच नाही.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. चाललं असं वाटलं, हे जास्त खरं. सातव्या वर्षी जुलैत, एका सोमवारी वसतिगृहाची यादी लागली आणि दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. हुपरीहून नईम बोलत होता. त्याचं तिथं फॉर्म भरून द्यायचं दुकान, आणि साइटवर मदतीसाठी म्हणून दिलेला नंबर संयोगिताचा. त्याच्या गल्लीतली सुहाना नावाची मुलगी, बारावीला चौऱ्याऐंशी टक्के, कोल्हापुरात नर्सिंगला नंबर लागलेला. तिचं नाव यादीत नव्हतं, आणि तिच्याच वर्गातल्या एकाहत्तर टक्केवाल्या अनुजाचं होतं, अगदी शेवटचं. अनुजाच्या नावाबद्दल त्याची तक्रार नव्हती, तीही त्याच गल्लीतली. पण सुहानाची पावती त्याच्या हातात होती, नंबर तीनशे अठरा. आणि घाई यासाठी, की सकाळी सातला वॉर्डात हजर राहावं लागतं म्हणून कॉलेज शहरात राहण्याच्या सोयीचं पत्र मागत होतं. शनिवारपर्यंत पत्र नाही, तर प्रवेश नाही.

संयोगितानं तीनशे अठरा नंबर उघडला. आत अनुजा. नाव अनुजाचं, मार्क अनुजाचे, फोटो अनुजाचा. तीनशे एकोणीस उघडला, तोही अनुजाच. छाननीला बसलेल्या कारकुनानं एकाच मुलीचे दोन अर्ज पाहून पहिल्यावर ‘दुबार, रद्द’ असा शेरा मारला होता, आणि त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. सुहाना नावाची मुलगी कुठंच नव्हती.

तिनं नईमला विचारलं, अर्ज भरलात कसे. त्यानं काहीही न लपवता सांगितलं. हुपरीत पैंजणाचं काम कसं चालतं ते तिकडच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. एक पैंजण पुरतं करून मग दुसरं हातात घ्यायचं, असं कुणी करत नाही. आधी सगळ्यांची तार, मग सगळ्यांच्या कड्या, मग कड्यांचे सांधे जोडायला सगळ्यांना डाग, शेवटी सगळ्यांना झिलई. नईम त्याच घरांतला. त्याच्या हातालाही तेच वळण. दोन मुली बरोबर आल्या, तर त्यानं दोन खिडक्या उघडल्या. आधी दोघींची नावं, सुहानाचं आणि मग अनुजाचं. मग त्याच क्रमानं दोघींचे मार्क, मग दोघींचे फोटो, आणि शेवटी दोन्ही खिडक्यांत पाठोपाठ ‘सादर करा’. दोन पावत्या निघाल्या, दोघी खूश, नईम जेवायला गेला.

म्हणजे दर फेरीला अनुजाचं सामान त्याच बिल्ल्यावर येऊन सुहानाचं खाली सांडत होतं, आणि कुणाला दिसलं नाही, कारण दाखवणारं पान संयोगितानं पान हलकं व्हावं म्हणून काढलं होतं. बघून सांगते, एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

चूक कळायला तिला पाच मिनिटं लागली. ती कुणाला पटवायची तर पुरावा लागेल म्हणून तिनं दुपारभर सर्व्हर धुंडाळला. सर्व्हरच्या आठवणीतलं केव्हाच पुसलं गेलेलं. एवढीच एक वस्तू सापडली, अपलोड केलेल्या फोटोंच्या फोल्डरमध्ये. दोन फोटो, एका मिनिटाच्या अंतरानं आलेले. दुसरा अनुजाचा. पहिला कुठल्याच अर्जाला जोडलेला नव्हता. पांढऱ्या पडद्यापुढं बसलेली, ओढणी नीट चापून घेतलेली, फोटोत हसायचं नाही असं कुणीतरी बजावल्यावर दिसतो तसा चेहरा. संयोगितानं सुहानाला पाहिलं ते असं पहिल्यांदा.

अमरसिंहांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण कंपनी चालवणाऱ्याची एक वेगळी भीती असते. गणपतरावांना तोंडी काय सांगायचं ते सांगा, पण चूक आपली असं कागदावर काही द्यायचं नाही, अशी त्यांची ताकीद पडली. उद्या ट्रस्टनं सहा वर्षांचे सगळे अर्ज तपासायला काढले तर? हा प्रश्न त्यांनी विचारला खरा, पण संयोगिताला तोवर तो सुचलाच नव्हता. सहा वर्षांत अशा किती खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या गेल्या असतील, आणि किती मुली पावती घेऊन गप्प घरी बसल्या असतील? मागच्या वर्षांचे फोटो केव्हाच पुसलेले, त्यामुळे त्या कोण हे कळायला आता काहीच मार्ग नव्हता.

मंगळवारी ती वसतिगृहात गेली. गणपतराव खुर्चीत बसून मुलींच्या ट्रंकांवर नंबर घालून घेत होते. तिनं सगळं सांगितलं, फोटोचा प्रिंट पुढं ठेवला. त्यांनी फोटो उचलून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “चौगुलेबाई, तुमच्यावर माझा इश्वास हाय. खोटं बोलायचा तुमचा सोभाव न्हाई. पर चाळीस खाटा हायत आणि चाळीस पोरी आल्यात. कुणाला भाईर काढू? तुमीच नाव सांगा, मी काढतो.”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच नाव हवं होतं. आणि शेवटचं नाव अनुजाचं. बाहेर व्हरांड्यात अनुजा आपल्या ट्रंकेवर बसून आईनं दिलेला डबा उघडत होती. प्रतीक्षायादीत अकरा मुली होत्या, अकराही जणींचे अर्ज धडधाकट. एखादी खाट जास्त टाकली तरी पहिला हक्क त्यांचा. संयोगिताच्या तोंडून नाव निघालं नाही. फोटो पर्समध्ये घालून ती परत आली.

शुक्रवारी नईम सुहानाला आणि तिच्या आईला घेऊन ऑफिसला आला. आई इमामबी, घरीच पैंजणाच्या कड्यांना डाग द्यायचं काम करणारी. बोटांची टोकं काळवंडलेली, आणि ऑफिसातल्या गुळगुळीत टेबलावर ती ठेवू की नको असं तिला झालं होतं. सुहाना फोटोपेक्षा उंच निघाली. संयोगितानं पाणी दिलं, चहा मागवला, आणि मग कुठंतरी सुरुवात करायची म्हणून त्या बिल्ल्याची गोष्ट सांगितली. नईमला ती कळली. त्यानं मान खाली घातली. चूक त्याची नव्हती हे तिनं दोनदा सांगितलं, तरी त्यानं मान वर केली नाही.

“मी शेजारीच बसलोतो की,” सुहाना म्हणाली, “माझं नाव मी डोळ्यांनी बघितलंय. नईमभाईनं बरोबर घातलंतं.”

“तू बघितलंस ते खरंच होतं,” संयोगिता म्हणाली. “पुढं पोचलं नाही.”

इमामबीनं चहाचा कप बाजूला सरकवला.

“मशीन इसरलं म्हणतासा. बरं, इसरलं. पर आता तुमास्नी ठावं झालं न्हवं? मग तुमी जाऊन सांगा की त्यास्नी.”

“सांगितलं, मावशी. मंगळवारीच जाऊन आले.”

“मग?”

अठरा वर्षांत संयोगितापुढं आलेली प्रत्येक अडचण कुठल्या तरी ओळीत सापडायची आणि ती ओळ बदलली की सुटायची. ही सापडली होती, आणि सुटत नव्हती. एक विचार तिच्या मनात येऊन गेला, की पोरीला आपल्याच घरी ठेवून घ्यावी. दोन खोल्या, नवरा, दोन मुलं, स्वयंपाकघरात कॉट टाकून झोपवलेली आजारी सासू. शब्द ओठांपर्यंत आले होते. ते तिनं गिळले, आणि त्याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिली.

मग तिच्या हातात होतं ते तिनं केलं. कंपनीचा छापील कागद घेतला आणि केबिनच्या काचेतून अमरसिंह पाहत असताना पत्र लिहिलं. अर्ज क्रमांक तीनशे अठरा हा सुहाना हिचाच होता, आमच्या प्रणालीतल्या दोषामुळे तिची माहिती नोंदली गेली नाही, दोष माझ्या कामातला आहे. खाली पूर्ण सही. अमरसिंह उठले, दारापर्यंत आले आणि इमामबीकडे पाहून परत जाऊन बसले. पुढंही त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि हे त्यांच्या खात्यावर चांगलं म्हणून लिहून ठेवायला हरकत नाही.

चौघं रिक्षानं वसतिगृहात गेली. गणपतराव मिटिंगला गेले होते. कारकुनानं पत्र वाचलं, अरेरे म्हणाला, ते खरंच वाटून म्हणाला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी सुहानाच्या हातात दिली. सुहानानं ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

“ह्यावर माझं नाव न्हाई,” ती म्हणाली.

कारकून म्हणाला, नाव पत्रात आहे, चिठ्ठीवर नंबरच असतो. सुहानानं चिठ्ठी घडी करून तीनशे अठराच्या पावतीबरोबर ठेवली. संयोगिता भिंतीकडं पाहत उभी राहिली. शनिवार आला तसा गेला. पुढच्या आठवड्यात नर्सिंगच्या यादीत सुहानाच्या जागी दुसरं नाव लागलं. वसतिगृहाचं उत्तर महिन्यानं आलं. झाल्या प्रकाराबद्दल ट्रस्टला मनापासून खेद होता.

सुहाना घरी बसून आईबरोबर कड्या जोडायला लागली, असं नईमनं एकदा फोनवर सांगितलं. संयोगितानं विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिनं अर्ज मुळापासून नव्यानं बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक खिडकीचं सामान वेगळं. दहा खिडक्या उघडा, दहा मुली भरा, एकीचं दुसरीत जाणार नाही. शेवटी सगळं दाखवणारं पान परत आलं, पावतीवर नाव आणि फोटो आला. आणि एक नवी सोय केली. अर्धा भरलेला अर्ज सुरू केल्यापासून सात दिवस जसाच्या तसा जपून ठेवायचा, म्हणजे वीज जावो, नेट जावो, दाखला आणायला घरी जावं लागो, पोरगी परत आली की जिथं सोडलं तिथून पुढं. सात दिवस भरले की दुपारी बारा वाजता तो आपोआप पुसला जाईल. तिनं स्वतः नईमसारख्या दोन खिडक्या उघडून, नावं दोघींची, मार्क दोघींचे, असं शंभरदा भरून पाहिलं. एकदाही चुकलं नाही. गणपतरावांनी पुन्हा शाबासकी दिली. ती घेताना तिला कानकोंडं झालं.

जूनमध्ये अर्ज सुरू झाले. ती रोज सकाळी आल्या आल्या अर्ध्या अर्जांची यादी उघडायची, काही अडलंय का बघायला म्हणून. निदान अमरसिंहांना तरी तसंच सांगायची. बारा तारखेला त्या यादीत सुहानाचं नाव आलं.

संयोगितानं खुर्ची पुढं ओढली. नाव, गाव, जन्मतारीख, चौऱ्याऐंशी टक्के, फोटो. फोटो नवा होता. ओढणी तीच असावी, चेहरा थोडा उतरलेला. सगळं भरलं होतं, एक रकाना सोडून. बारावी उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. त्या रकान्यात हातानं काही लिहिता येत नाही, दिलेल्यातून निवडावं लागतं, आणि निवडायला दिलेलं वर्ष एकच, चालू. त्याच वर्षी पास झालेल्या मुलींनाच वसतिगृह, असा ट्रस्टचा पहिल्यापासूनचा नियम. तो रकाना संयोगितानंच बांधला होता, जुन्यातही आणि नव्यातही. नवा बांधताना तिच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं.

तिनं गणपतरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “न्हाई, बाई. त्यो नियम ट्रस्टच्या घटनेत हाय. माझ्याच्यानं न्हाई हलायचा.”

गेल्या वर्षाचं साल त्या यादीत घालणं हे अर्ध्या मिनिटाचं काम. तिनं घातलंही. मग वाटलं, अर्ज जाईल, पावती निघेल, या खेपेला तिच्यावर नाव आणि फोटोही असेल, आणि छाननीत तोच अर्ज नियमात बसत नाही म्हणून बाहेर येईल. पोरीच्या घडीत तिसरा कागद. तिनं ते साल काढून टाकलं.

सुहाना येत राहिली. तेराला उघडून गेली, पंधराला उघडून गेली, सोळाला दोनदा. दर वेळी त्याच रकान्यापाशी थांबायची आणि परत जायची. चालू साल निवडून खोटं पुढं जाता आलं असतं, कुणीही निवडलं असतं. तिनं निवडलं नाही. सतरा तारखेला नईमचा फोन आला. साइट आता एकदम झ्याक झाली, सगळं भरलेलं जपून ठेवते, असं म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, फकस्त त्या सालाचं तेवढं काय हुतंय का बघा की.”

न्हाई हुईत, असं संयोगिता त्याच्याच बोलीत म्हणाली.

एकोणीस तारखेला सात दिवस भरत होते. साडेअकरा वाजले तेव्हा तिनं अर्धे अर्ज पुसणारी ती ओळ उघडली आणि साताच्या जागी तीस केले. तीस दिवसांनी काय होणार होतं? वसतिगृहाची मुदत त्याच्या आधीच संपत होती. अमरसिंहांनी विचारलं असतं तर तिला काही सांगता आलं नसतं. तिनं बदल सर्व्हरवर चढवला आणि डबा खायला उठली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सुहानानं अर्ज पुन्हा उघडला. नाव, गाव, जन्मतारीख, मार्क, फोटो, सगळं जिथल्या तिथं होतं.